साठीनंतरची सायकल : पक्क्या, निसर्गरम्य सायकलमार्गांवर फिरणाऱ्यांसाठी

पहिल्या हंगामात मी तीन वेळा पडले आणि तिन्ही वेळा सायकल जवळजवळ उभी होती. एकदा चढताना पाय कॅरिअरला अडकला. एकदा मार्गाच्या तोंडाशी लावलेल्या खांबांपुढे थांबताना पाय जमिनीला टेकायच्या आत तोल गेला. तिसऱ्यांदा अरुंद वाटेवर सायकल वळवून परत फिरायला गेले तेव्हा. वेगात असताना एकदाही पडले नाही. साठी उलटल्यावर पुन्हा सायकल हाती घेतलेल्या ज्या समवयस्कांशी बोलले, त्यांतल्या बऱ्याच जणांनी असंच काहीसं सांगितलं. चालती सायकल बऱ्याच अंशी स्वतःला सावरते. निघणारी आणि थांबणारी सायकल मात्र आपल्याला सावरावी लागते, आणि वयाबरोबर नेमकं तेच जड जातं.

म्हणून या लेखात चढणं, उतरणं, थांबणं, वळणं आणि दमायच्या आत परत फिरणं यांना मी सगळ्यांत जास्त जागा दिली आहे. इथे ज्या मार्गांचा विचार केला आहे ते गाड्यांपासून वेगळे काढलेले, डांबरी किंवा काँक्रीटचे आहेत. कुठे नदीकाठचे, कुठे कालव्याकाठचे, कुठे रूळ उखडून टाकलेल्या जुन्या रेल्वेमार्गावरचे. उतारवयात सायकलीसाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आधी डॉक्टरांशी बोला, पण नेमके प्रश्न घेऊन जा

"सायकल चालवू का?" एवढंच विचारलं तर "चालवा, पण जपून" एवढंच उत्तर मिळतं. आपण रोज घेतो त्या गोळ्यांची यादी पुढे ठेवावी आणि एकेका गोळीबद्दल विचारावं.

रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर श्रम वाढले तरी नाडी फारशी वाढत नाही. मनगटावरच्या घड्याळातला आकडा मग दिशाभूल करतो. नाडी जास्तीत जास्त किती वाढू शकते ते काढायचं २२० वजा वय हे सूत्रही तेव्हा उपयोगाचं नाही. एरवीसुद्धा ते ढोबळच आहे, एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत वीस-वीस ठोक्यांचा फरक सहज असतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार बसला, तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. आतला रक्तस्राव काही तासांनी लक्षात येऊ शकतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर फेरीत तर उतरतेच, फेरीनंतर काही तासांनीही उतरू शकते. त्यांनी ग्लुकोज खिशातच ठेवावं. सायकलच्या पिशवीत नको, कारण हात थरथरत असताना पिशवीची चेन उघडत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतील तर पाणी किती प्यावं हे विचारून घ्या. हृदय कमकुवत असलेल्यांना पाण्याची मर्यादा ठरवून दिलेली असते, त्यांनी इतरांचं ऐकून बाटल्या रिचवू नयेत.

गुडघा बदललेल्यांनी तो किती वाकतो ते मोजून घ्यावं. नेहमीच्या मापाच्या सायकलीचं पायडल पूर्ण फिरवायला गुडघा साधारण ११० अंश वाकावा लागतो. तेवढा वाकत नसेल तर पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, आखूड बसवून घेता येतो. नेहमीचा क्रँक १७० मिलिमीटरच्या आसपास असतो, १५५ किंवा १६० चाही मिळतो. छोटा बदल आहे, पण काहींच्या बाबतीत सायकल चालवता येणं आणि न येणं यात तेवढंच अंतर असतं.

एक गोष्ट डॉक्टर बहुधा आपणहून सांगणार नाहीत. सायकलीवर शरीराचं वजन सीट पेलते, त्यामुळे हृदयाला आणि सांध्यांना ती चांगली असली तरी हाडांना तिचा फारसा उपयोग होत नाही. हाडं ठिसूळ झालेल्यांनी सायकल चालवताना चालणं आणि हलकी वजनं उचलणं सोडू नये.

सायकल निवडताना

मधला आडवा दांडा नसलेली सायकल घ्या. आपण जिला इतकी वर्षं लेडीज सायकल म्हणत आलो तीच. पुरुषांनी यात संकोच बाळगू नये. मागून टांग टाकून चढण्यासाठी एका पायावर उभं राहून दुसरा पाय कमरेच्या उंचीपर्यंत न्यावा लागतो. हीच हालचाल वयाबरोबर सगळ्यांत आधी बिघडते. कॅरिअरवर पिशवी बांधली असेल तर पाय आणखी वर न्यावा लागतो. फ्रेम जितकी खाली वाकलेली, तितकं चढणं-उतरणं सोपं.

टायर ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे असावेत. बारीक टायर भेगांत अडकतात आणि प्रत्येक खड्डा मनगटापर्यंत पोचवतात. फार जाड, गोट्यांचे टायर डांबरावर उगीच दमवतात. हवेचा दाब टायरच्या कडेवर छापलेला असतो. त्यात किमान आणि कमाल असे दोन आकडे असतील तर कमाल आकडा गाठायची गरज नाही. चाळीस मिलिमीटरच्या टायरला मध्यम वजनाच्या माणसासाठी ४० ते ५० पीएसआय पुरेसा होतो. तेवढ्या हवेत टायर घट्टही राहतो आणि हादरेही गिळतो.

गिअर भरपूर नसले तरी चालतील, पण सगळ्यांत हलका गिअर खरोखरच हलका हवा. ब्रेक ओढायला बोटांना जोर लागता कामा नये. दुकानात उभ्या-उभ्या दोनच बोटांनी ब्रेक ओढून पाहा. संधिवात असलेल्यांना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक फार सोपे पडतात.

माळ्यावरची जुनी सायकल खाली काढणार असाल तर टायरच्या कडांना बारीक भेगा पडल्यात का ते आधी पाहा. ब्रेकची रबरं वर्षानुवर्षं पडून दगडासारखी होतात आणि वायरी आतून गंजतात. टायर, ट्यूब, रबरं, वायरी हे सगळं एकदम बदलून घ्यावं.

विजेवर मदत देणाऱ्या सायकलीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या वयाचे अनेक जण थेट तीच घेतात. ती जरूर घ्यावी. चढाची आणि समोरच्या वाऱ्याची धास्ती संपली की माणूस जास्त वेळा बाहेर पडतो. मात्र तिचं वजन बहुधा २० ते २५ किलो असतं आणि ते नेमकं थांबताना जाणवतं, जेव्हा ती एका बाजूला कलते. घेण्यापूर्वी दुकानाबाहेर ती कलवून, पुन्हा सरळ करून पाहा. मोटर कशावर सुरू होते तेही विचारा. काही सायकलींत पायडलवर किती जोर पडतो ते मोजणारा सेन्सर असतो, तिची मदत तुमच्या पायाच्या प्रमाणात मिळते. काहींत पायडल फक्त फिरतंय की नाही एवढंच कळतं, तिथे मदत किंचित उशिरा आणि हिसका देऊन येते. उतारवयात पहिला प्रकारच घ्यावा. आणि चौकात उभं असताना ब्रेक न दाबता पायडलवर पाय ठेवायचा नाही. पायाचं नुसतं वजन पडलं तरी सायकल पुढे उडी घेते. युरोपीय संघातल्या नियमाप्रमाणे अशा सायकलीची मोटर जास्तीत जास्त २५० वॅटची असते आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद होते. पायी चालणाऱ्यांबरोबर वाट वाटून घ्यायची असेल तर याहून जास्त वेगाची गरजही नाही.

तोलाचा भरवसा अजिबात उरला नसेल तर तीन चाकी सायकल आहे. उंच सीटची तीन चाकी वळणावर आत झुकत नाही, म्हणून वेगात वळवली तर उलटू शकते. वळणाआधीच वेग चालण्याइतका करावा लागतो. मागे रेलून चालवायची बुटकी तीन चाकी फार स्थिर असते, पण तीतून उठायला मांड्यांत जोर लागतो. विकत घेण्याआधी तीत दहा वेळा बसून उठून पाहावं.

सीट आणि हँडल

सीटची उंची अशी ठरवा. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सगळ्यांत खाली न्या. त्या वेळी गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग पायाचा चवडा पायडलवर घेतला की गुडघ्यात थोडा बाक राहतो. योग्य उंची तीच.

पण इतक्या उंच सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि इथेच बहुतेक जण घाबरून सीट खाली करतात. सीट खाली केली की गुडघे सतत जास्त वाकून राहतात आणि महिन्याभरात वाटीपुढे दुखायला लागतं. यावर मार्ग आहे, तो म्हणजे बसून थांबायचंच नाही. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, ते कसं ते पुढे येईलच. ते अंगवळणी पडेपर्यंत सीट दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवा आणि मग आठवड्याला एकेक सेंटिमीटर वर घ्या.

हँडल सीटच्या उंचीला किंवा त्याहून थोडं वर हवं. खूप वाकून बसलं की मान मागे ताठ करून पुढे पाहावं लागतं, आणि मणक्यांची झीज झालेल्यांना तेच सोसत नाही. सीट मऊ आणि रुंद असावी असं सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटलं होतं. पण लुसलुशीत सीटमध्ये बैठकीची दोन हाडं रुततात, सगळा भार मधल्या नाजूक भागावर येतो आणि अर्ध्या तासात बधिरपणा सुरू होतो. सीट थोडी कडक, पण आपल्या हाडांच्या रुंदीची असावी आणि जमिनीला समांतर असावी.

मोकळ्या जागेतला सराव

मार्गावर जाण्याआधी निदान चार-पाच दिवस एखाद्या रिकाम्या, सपाट, पक्क्या जागेत घालवा. हा भाग बहुतेक जण टाळतात. लहानपणी शिकलेली सायकल विसरत नाही म्हणतात, आणि तोल खरंच आठवतो. पण तेव्हाची कंबर, मान आणि गुडघे आता राहिलेले नसतात.

चढण्याची रीत अशी. सायकलच्या शेजारी उभं राहा, दोन्ही ब्रेक दाबून ठेवा आणि सायकल किंचित आपल्याकडे कलती करा. पाय फ्रेमच्या खोलगट भागावरून पलीकडे न्या. आता सायकल दोन पायांमध्ये आहे, सीट मागे आहे, बसायची घाई नाही. एक पायडल वर आणि थोडं पुढे आणा, सायकलच्या उजव्या बाजूने पाहिलं तर घड्याळाचा काटा दोनवर असतो तसं. त्यावर चवडा ठेवा, समोर दूरवर बघा, ब्रेक सोडा आणि त्या पायावर उभं राहिल्यासारखा भार द्या. सायकल पुढे जाते आणि आपण वर उचलले जातो, तेव्हा मागे सीटवर बसायचं. जमिनीला पाय मारत, घसटत निघायचं नाही.

उतरताना याच्या उलट. गिअर हलका करून घ्या, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. वेग चालण्याइतका झाला की जो पाय जमिनीवर ठेवायचा नाही त्या बाजूचं पायडल सगळ्यांत खाली आणा, त्या पायावर उभं राहा आणि सीटवरून पुढे घसरा. सायकल थांबता-थांबता दुसरा पाय जमिनीला लागतो. सायकल कलवायची ती त्याच बाजूला. कोणता पाय टेकवायचा हे एकदाच ठरवा आणि तो कधी बदलू नका. जो पाय जास्त भरवशाचा, तो टेकवायचा. हे वीस-वीस वेळा करा, कंटाळा येईपर्यंत. माझं दुसरं पडणं टळलं असतं ते यानेच, कारण खांब समोर दिसल्यावर कोणता पाय टेकवायचा याचा विचार मी तेव्हा करत बसले होते.

त्यानंतर मुद्दाम हळू चालवायचा सराव. खडूने एक मीटर अंतरावर दोन समांतर रेषा ओढा, वीस मीटर लांब. त्यांच्यामधून जमेल तितकं हळू जा. मागचा ब्रेक अगदी हलका दाबून ठेवायचा आणि पायडलवर हलका जोर चालू ठेवायचा, म्हणजे सायकल डगमगत नाही. नजर पुढच्या चाकावर गेली की तोल गेलाच. रेषेच्या टोकापलीकडे बघा.

वळताना जिथे जायचं तिकडे आधी मान आणि खांदे वळवा, हँडल आपोआप मागोमाग वळतं. सुरुवातीला वळायला सहा मीटर रुंद जागा घ्या, मग कमी करत आणा. तरीही अरुंद वाटेवर परत फिरायचं असेल तर मी आजही खाली उतरते, सायकल हाताने वळवते आणि पुन्हा चढते. यात काहीही कमीपणा नाही.

एक हात सोडून घंटी वाजवणं, मागे वळून बघणं आणि एकदम थांबणं हेही इथेच करून बघा. मान पूर्ण वळत नसेल तर हँडलला आरसा लावा. एकदम थांबताना दोन्ही ब्रेक एकत्र दाबायचे आणि ढुंगण सीटच्या मागच्या कडेकडे न्यायचं. थांबवण्याचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो, त्याला घाबरून नुसता मागचा दाबणारे जास्त अंतर घसरत जातात.

चष्म्याचंही इथेच कळतं. एकाच काचेत लांबचं-जवळचं दोन्ही असलेला चष्मा असेल, तर थांबताना खाली बघितलं की नजर वाचायच्या भागातून जाते आणि जमीन अंधूक, जवळ आल्यासारखी भासते. पाय चुकतो. सायकलीसाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेणं उत्तम.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसावं, पट्ट्या कानाखाली इंग्रजी व्ही अक्षरासारख्या मिळाव्यात आणि हनुवटीखाली एकच बोट शिरावं. एकदा आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदलायचं.

मार्ग कोणता निवडायचा

जुन्या रेल्वेमार्गांवरचे सायकलमार्ग माझे सगळ्यांत आवडते. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे रूळ टाकणाऱ्यांनी डोंगर फोडून, दऱ्यांवर पूल बांधून चढ बहुधा दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवले. त्यांनी इंजिनासाठी केलेले ते कष्ट आज आपल्या गुडघ्यांच्या कामी येतात. इंग्लंडमधला ब्रिस्टल ते बाथ हा सुमारे २१ किलोमीटरचा डांबरी मार्ग असाच जुन्या रेल्वेवर आहे. जर्मनीतल्या आखेनपासून बेल्जियममधून लक्झेंबर्गपर्यंत जाणारा फेनबान मार्ग सुमारे १२५ किलोमीटरचा आहे, तोही जुन्या रेल्वेवरचा आणि पक्का.

मात्र या सौम्य चढात एक फसवणूक आहे. एक टक्का चढ डोळ्यांना दिसत नाही, पण तो दहा किलोमीटर चालू राहिला तर आपण शंभर मीटर वर आलेलो असतो, म्हणजे तीसेक मजले. "आज पाय का जड झालेत?" असं वाटतं, ते यामुळे. जाण्याआधी नकाशावर दोन्ही टोकांची उंची पाहा आणि शक्य असेल तर खालच्या टोकापासून सुरुवात करा, म्हणजे दमल्यावर उतार मिळेल.

कालव्याकाठचे मार्ग सपाट असतात, फक्त जिथे पाण्याची पातळी बदलायचे दरवाजे असतात तिथे छोटा, पण तीव्र चढ येतो. नदीकाठच्या मार्गांना वारा जास्त लागतो. पूल आणि बेटं जोडणारे मार्ग देखणे असतात. जपानमधला शिमानामी काइदो हा ओनोमिची ते इमाबारी सुमारे ७० किलोमीटरचा मार्ग समुद्रावरच्या पुलांवरून जातो आणि वाट चुकू नये म्हणून रस्त्यावर निळी रेघ आखलेली आहे. पण पूल उंचावर असल्यामुळे प्रत्येक पुलावर पोचायला वळणावळणाचा चढ चढावा लागतो. तो रेल्वेच्या चढासारखाच सौम्य ठेवलेला असला तरी पुन्हापुन्हा येतो, हे हिशेबात धरावं.

पहिल्या काही फेऱ्यांसाठी मार्ग निवडताना तीन गोष्टी बघा. मोटाररस्ते किती ठिकाणी ओलांडावे लागतात, स्वच्छतागृहं किती अंतरावर आहेत आणि बसायला बाक आहेत का. प्रत्येक रस्ता ओलांडणं म्हणजे एक थांबणं आणि एक निघणं. पाच किलोमीटरमध्ये दहा रस्ते असलेल्या वाटेपेक्षा एकही रस्ता नसलेली लांब वाट सोपी.

निघण्याच्या दिवशी

टायर अंगठ्याने दाबून पाहा, दोन्ही ब्रेक ओढून सायकल पुढे ढकलून पाहा, चेन कोरडी करकरत नाही ना ते ऐका. दोन मिनिटांचं काम आहे.

बरोबर पाणी, एक जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप, थोडं खाणं, फोन, आणि एका कागदावर नाव, घरच्यांचा नंबर, आजार आणि गोळ्यांची यादी. कागदच हवा, कारण कुलूप लावलेला फोन दुसऱ्याला उघडता येत नाही. पंक्चर काढायची ताकद बोटांत नसली तरी ट्यूब आणि पंप जवळ असू द्या. मदत करायला थांबणारा माणूस भेटतो, पण तुमच्या चाकाच्या मापाची ट्यूब त्याच्याकडे नसते.

किती वाजता परतणार ते घरी सांगून निघा. पँटचा पाय चेनच्या बाजूला बांधून घ्या, बुटाची नाडी आत खोचा. पायडलमध्ये अडकलेली नाडी नेमकी थांबतानाच पाय सोडत नाही.

वाटेवर

पहिली दहा मिनिटं अगदी हलक्या गिअरमध्ये, रमतगमत. सांधे तेवढ्यात मोकळे होतात. नंतरही जड गिअर रेटत बसू नका. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा पायडल फिरेल असा गिअर ठेवला की भार गुडघ्यांवरून श्वासाकडे जातो, आणि दमलेला श्वास दोन मिनिटांत सावरतो, दुखावलेला गुडघा दोन आठवडे घेतो. चढ सुरू झाल्यावर नव्हे, दिसल्याबरोबर गिअर हलका करा. थांबायच्या आधीही तसंच, नाहीतर निघताना जड गिअरमध्ये अडकाल.

श्रम मोजायला बोलणं पुरेसं आहे. पूर्ण वाक्य सलग बोलता येतंय, पण गाणं म्हणता येणार नाही, असा वेग योग्य. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर हळू करा. वयाबरोबर तहान उशिरा लागते, म्हणून तहानेची वाट न बघता पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट घ्या, आणि ते थांबून घ्या. चालत्या सायकलीवर बाटली काढणं आपल्याला गरजेचं नाही.

छातीत दडपण, जबडा किंवा हात भरून येणं, नेहमीपेक्षा वेगळी धाप, मळमळ, घेरी यांतलं काहीही झालं तर सायकल आडवी करा, खाली बसा आणि मदतीला फोन करा. उतारवयात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. "अजून दोनच किलोमीटर, गाडीपर्यंत जाऊ" हा विचार करायचा नाही. अनेक मार्गांवर अंतराचे दगड किंवा फलक असतात. शेवटचा कोणता दिसला ते लक्षात ठेवत जा, कारण झाडीतल्या वाटेला पत्ता नसतो आणि रुग्णवाहिकेला जवळचा रस्ता शोधायचा असतो.

पक्क्या वाटेचेही धोके असतात. झाडांची मुळं डांबर खालून उचलतात आणि आडवे उंचवटे तयार होतात. तिथे सीटवरून बोटभर उठायचं आणि कोपर सैल सोडायचं. ओली पानं आणि लाकडी पुलाच्या ओल्या फळ्या बर्फासारख्या निसरड्या असतात. त्यांच्यावर ब्रेक मारायचा नाही, वळायचं नाही, आधीच हळू होऊन सरळ जायचं. रूळ ओलांडायचे तर काटकोनात. चाक डांबराच्या कडेवरून खाली उतरलं तर ते तिरकं ओढून वर घ्यायचा मोह होतो, आणि कडेला घासून चाक निसटतं. तिथे थांबायचं आणि सायकल उचलून वर घ्यायची.

रेल्वेमार्गांवर बोगदे येतात. उन्हातून अंधारात जाताना म्हाताऱ्या डोळ्यांना सरावायला जास्त वेळ लागतो. बोगद्याच्या तोंडाशी बाजूला थांबा, गॉगल काढा, दिवा लावा, अर्धा-एक मिनिट आत बघत उभं राहा आणि मग शिरा. आत जमीन ओली असते आणि समोरून लोक येत असतात.

पायी चालणाऱ्यांना घंटी अगदी पाठीशी गेल्यावर वाजवू नका, ते दचकून नेमके वाटेच्या मध्ये येतात. वीस-तीस मीटरवरून एकदा वाजवा, हळू व्हा, त्यांनी पाहिल्यावर पुढे जा. लहान मुलं आणि कुत्री दिसली की वेग चालण्याइतका करा. कुत्रा एका कडेला आणि मालक दुसऱ्या कडेला असेल तर मध्ये न दिसणारी दोरी आहेच असं समजा. कानात गाणी नकोत. श्रवणयंत्रात वारा घोंघावत असेल तर ते जुळवून देणाऱ्यांना सांगा, अनेक यंत्रांत वाऱ्याचा आवाज कमी करायची सोय असते.

किती जायचं आणि कधी फिरायचं

पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड वीस ते तीस मिनिटं. मग दर आठवड्याला एकाच फेरीत दोन-तीन किलोमीटर वाढवा, बाकीच्या तशाच ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने ६५ वर्षांपुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम सुचवले आहेत, आणि शिवाय तोल व ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. ते १५० मिनिटं सायकलीवर सहज होतात. तोलाचा व्यायाम मात्र वेगळा करावा, ओट्याला हात ठेवून एका पायावर उभं राहण्याइतका साधा असला तरी चालेल.

फ्रान्सच्या रॉबेर मार्शां यांनी २०१७ साली, वयाच्या १०५ व्या वर्षी, बंदिस्त धावपट्टीवर एका तासात २२.५४७ किलोमीटर सायकल चालवली. मला त्या विक्रमाहून त्यांच्या तयारीचं जास्त वाटतं. शंभरी ओलांडल्यावरही त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता सरावाने वाढली, हे त्यांच्यावर संशोधन करणाऱ्यांनी मोजलं, आणि त्या सरावातला बहुतेक भाग हलका होता.

आपण जातो त्या वाटा बहुधा जाऊन-येऊनच्या असतात, म्हणून परतीचं आधी ठरवावं लागतं. वारा असेल तर जाताना वाऱ्याविरुद्ध जा. ताजे पाय वाऱ्याला तोंड देतात आणि परतताना तोच पाठीवर असतो. उलट केलं की जाताना आपण किती तंदुरुस्त आहोत असं वाटत राहतं आणि परत फिरल्यावर कळतं की ते सगळं वाऱ्याचं होतं. मी निघताना वेळ ठरवते, अंतर नाही. दीड तास फिरायचं असेल तर चाळीस मिनिटांनी, पाय ताजे असतानाच, वळायचं. पुढच्या वळणापलीकडचा तलाव कितीही खुणावत असला तरी. दमलेल्या पायांनी चालवता येतं, पण फेरीतलं शेवटचं उतरणंही त्याच पायांनी करायचं असतं. म्हणून पोचल्यावर भिंत, कठडा किंवा बाक हाताशी आहे अशी जागा बघून उतरा.

पडलातच तर लगेच उठू नका. हात, मनगट, खुबा, मान एकेक हलवून बघा. जांघेत दुखत असेल आणि पायावर भार देता येत नसेल तर उठायचा प्रयत्न सोडा आणि मदत बोलवा. उठता येत असेल तर आधी गुडघ्यांवर या, मग सायकलीचा नव्हे, बाकाचा किंवा माणसाचा आधार घ्या. सायकल घसरते.

दुसऱ्या दिवशी

मांड्या थोड्या भरून आल्या असतील तर ते ठीक. नेमकं कुठे दुखतंय त्यावरून पुढची दुरुस्ती कळते. गुडघ्याच्या वाटीपुढे दुखलं तर सीट बहुधा खाली आहे किंवा गिअर जड होता. गुडघ्याच्या मागे ओढ बसली तर सीट वर आहे. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या आल्या तर तळव्यावर भार जास्त येतोय. हँडल थोडं वर घ्या, तळव्याला टेकू देणारी रुंद मूठ बसवा, आणि सीटचं नाक खाली झुकलेलं नाही ना ते पाहा, कारण त्यामुळेही सगळं वजन हातांवर सरकतं. मान दुखली तर हँडल जवळ आणा.

सीटच्या दांड्यावर आजच्या उंचीला चिकटपट्टीची खूण करून ठेवा, मगच काही हलवा. एका वेळी एकच बदल आणि तोही पाच मिलिमीटरचा. दोन फेऱ्या तशा करून बघा, नाही जमलं तर खुणेवर परत या आणि मग दुसरी गोष्ट हाताळा.